इंग्रजीच्या व्याकरणातून नॉर्वेजियनकडे

१८७३ साली क्रिस्तियानिया येथील रॉयल फ्रेडरिक विद्यापीठात योहान स्टोर्म यांची रोमान्स आणि इंग्रजी भाषाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ज्या विद्यार्थ्यांना त्यांनी इंग्रजी शिकवायचे होते, त्यांच्या स्वतःच्या भाषेला त्या वेळी सर्वमान्य असे नावदेखील नव्हते. चार शतकांहून अधिक काळ नॉर्वे डेन्मार्कशी जोडलेला होता. १८१४ मध्ये तो संबंध तुटला आणि देशाला स्वतःची राज्यघटना मिळाली. परंतु शाळेत, चर्चमध्ये आणि कचेरीत लिहिली जाणारी भाषा डॅनिशच राहिली. सुशिक्षित नागर माणूस डॅनिश लिही आणि नॉर्वेजियन वळणाने ती उच्चारी. खेड्यापाड्यांतील माणसे आपापल्या बोलीत बोलत. शाळेत या लिखित भाषेला नुसते ‘मातृभाषा’ म्हणून वेळ मारून नेण्याचा प्रघात होता. अशा समाजात परभाषेचे व्याकरण शिकवू लागले, की एक अडचण ताबडतोब उभी राहते. इंग्रजीचा अमुक प्रयोग ‘आपल्याकडच्यापेक्षा वेगळा’ आहे, असे सांगायचे, तर आपल्याकडचा म्हणजे कोणाचा?

नॉर्वेतील विद्यापीठीय इंग्रजी अध्ययनाचा इतिहास हा वरवर पाहता एका परभाषेच्या शिक्षणाचा इतिहास आहे. बारकाईने पाहिले असता मात्र तो बऱ्याच अंशी नॉर्वेजियन भाषेने स्वतःला ओळखण्याचा इतिहास ठरतो. इंग्रजीचे अभ्यासक वारंवार आपल्या भाषेकडे वळले. त्यांतील काहींचे काम तर इंग्रजीपेक्षा नॉर्वेजियनच्याच अधिक उपयोगी पडले. हे केवळ योगायोगाने घडले, असे म्हणता येत नाही.

स्टोर्म यांचा जन्म १८३६ साली गुडब्रांड्सदालन या डोंगरी खोऱ्यातील लोम येथे झाला. १८७९ साली, म्हणजे ज्या वर्षी इब्सेनचे ‘बाहुलीघर’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, त्यांचा ‘इंग्रजी भाषाशास्त्र’ हा ग्रंथ नॉर्वेत निघाला. १८८१ मध्ये त्याची जर्मन आवृत्ती आली आणि युरोपातील भाषाभ्यासकांमध्ये स्टोर्म यांचे नाव झाले. ग्रंथाचा विषय होता जिवंत भाषा. त्या काळी विद्यापीठात भाषाशास्त्र म्हटले, की जुन्या हस्तलिखितांचा आणि व्युत्पत्तीचा अभ्यास अभिप्रेत असे. स्टोर्म यांनी त्याऐवजी समकालीन इंग्रजांच्या तोंडची भाषा, तिचे उच्चार, घरगुती आणि गावरान प्रयोग, शब्दकोशांनी टिपलेल्या व न टिपलेल्या छटा यांची छाननी केली. लंडनमधील हेन्री स्वीट हा स्वभावाने कडक आणि स्तुतीच्या बाबतीत हात आखडता घेणारा विद्वान होता. परंतु स्टोर्म यांच्या कानाचे मोल त्यानेही जाणले. इंग्रजी बोलीभाषेचा इतका सूक्ष्म निरीक्षक इंग्लंडबाहेर, एका लहानशा देशाच्या एकुलत्या एका विद्यापीठात बसला होता, ही गोष्ट त्या काळच्या विद्वत्तेविषयी बरेच काही सांगून जाते.

हा कान त्यांना कोठून मिळाला? याचे एक उत्तर त्यांच्या भाषेतच आहे. नॉर्वेजियनमध्ये शब्दाला सूर असतो. बहुतेक बोलींत दोन सूर परस्परांहून वेगळे ठेवले जातात आणि केवळ त्यांच्या भेदाने अर्थ बदलतो. ‘शेतकरी’ या अर्थाचे अनेकवचन आणि ‘घेवडा’ या अर्थाचे अनेकवचन पूर्व नॉर्वेतील माणूस जवळजवळ सारख्याच ध्वनींनी उच्चारतो. ऐकणाऱ्याला फरक कळतो तो सुरावरून. इंग्रजीत सूर असतो तो वाक्याला, शब्दाला नव्हे. नॉर्वेजियन विद्यार्थ्याचे इंग्रजी व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी ते गाण्यासारखे हेलकावे खाते, ते याचमुळे. स्टोर्म यांनी स्कँडिनेव्हियन भाषांतील या सुरांचा अभ्यास १८७० च्या दशकातच हाती घेतला होता. इंग्रजीचे ध्वनी नेमके टिपायचे, तर त्यांना स्वतःच्या तोंडातील ध्वनींची नोंद आधी करावी लागली. वर्णन इंग्रजीचे होते; मोजपट्टी मात्र घरची होती.

पुढे ही मोजपट्टीच अभ्यासाचा विषय झाली. १८८४ साली स्टोर्म यांनी नॉर्वेजियन बोली लिहून घेण्यासाठी ‘नॉर्वेजिया’ नावाची ध्वनिलिपी तयार केली. नेहमीच्या रोमन अक्षरांना खुणा जोडून आणि काही अक्षरे नव्याने घडवून बनवलेली ही लिपी आमुन लार्सेन यांच्यासारख्या बोलीसंशोधकांनी उचलली आणि विसाव्या शतकातही नॉर्वेतील बोलीविज्ञान तिच्याच आधाराने चालले. इंग्रजीच्या अध्यापकाने आपल्या देशाला दिलेली सर्वांत टिकाऊ देणगी म्हणजे खेड्यांतील माणसांचे बोलणे कागदावर उतरवण्याचे साधन होय.

त्यातील विसंगती लपवण्याजोगी नाही. स्टोर्म हे ईवार ओसेन यांच्या ‘लान्समोल’ या नव्या लेखनभाषेचे कडवे विरोधक होते. ओसेन हे सुन्नमोरे भागातील शेतकरी कुटुंबातले, स्वतःच्या बळावर विद्या मिळवलेले गृहस्थ. १८४० च्या दशकात त्यांनी देशभर हिंडून बोली गोळा केल्या, १८४८ मध्ये लोकभाषेचे व्याकरण आणि १८५० मध्ये कोश प्रसिद्ध केला. १८६४ च्या व्याकरणात व १८७३ च्या मोठ्या कोशात त्यांनी त्या बोलींच्या मुळाशी असलेले समान रूप शोधून एक स्वतंत्र लेखनभाषा उभी केली. १८८५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने तिला डॅनिश वळणाच्या लेखनभाषेच्या बरोबरीचे स्थान दिले. स्टोर्म यांना हा खटाटोप कृत्रिम वाटे. जी भाषा अशा रूपात कोणाच्याच तोंडी नाही, ती भाषा नव्हे, असा त्यांचा दावा होता आणि तो त्यांनी पुस्तकामागून पुस्तक लिहून लढवला. जिवंत उच्चाराला प्रमाण मानणाऱ्या अभ्यासकाला असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु डॅनिश वळणाची जी लेखनभाषा ते जपू पाहत होते, तीही नॉर्वेत कोणाच्या तोंडी जशीच्या तशी नव्हती. हा न्याय त्यांनी दोन्ही बाजूंना सारखा लावला नाही, असेच म्हणावे लागते.

स्टोर्म यांच्यानंतरच्या पिढीत आउगुस्त वेस्टर्न यांचे नाव येते. १८८२ मध्ये त्यांनी विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठी इंग्रजी उच्चारशास्त्राचे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी जर्मनीत व्हिल्हेल्म फीटर याची भाषाशिक्षणात आमूलाग्र बदल मागणारी पुस्तिका निघाली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. सिसेरोच्या भाषणातील ‘कुठवर?’ या अर्थाचे दोन लॅटिन शब्द सहीच्या जागी होते. १८८६ साली स्टॉकहोममध्ये भरलेल्या नॉर्डिक भाषाशास्त्रज्ञांच्या संमेलनात डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन, स्वीडनचे लुंडेल आणि नॉर्वेचे वेस्टर्न यांनी तेच शब्द नाव म्हणून घेऊन एक मंडळ स्थापन केले. बोलभाषेला अग्रक्रम द्यावा, सुट्या वाक्यांऐवजी सलग उतारे वाचावेत, नियम आधी पाठ करून घेण्याऐवजी वाचनातून निघू द्यावेत आणि भाषांतराचा बडगा कमी करावा, अशी त्यांची भूमिका होती. लॅटिनच्या साच्यात बसवलेल्या घोकंपट्टीला कंटाळलेल्या शाळांना हे वारे हवेच होते.

या सुधारणेचा एक परिणाम मात्र तिच्या प्रवर्तकांच्या ध्यानात लगेच आला नसावा. भाषांतर कमी झाले, की वर्गातली मातृभाषाही कमी होते आणि दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची संधी जाते. शाळेत जे मागे पडले, ते विद्यापीठाने राखले. माध्यमिक शाळांचे शिक्षक तयार करणे हे विद्यापीठातील इंग्रजी विभागाचे मुख्य काम होते आणि तेथील परीक्षेत नॉर्वेजियन उताऱ्याचे इंग्रजीत भाषांतर हा दीर्घकाळ कसोटीचा भाग राहिला. ज्याला सुधारकांनी जुनाट ठरवले, त्या भाषांतराच्या कागदावरच दोन व्याकरणांची गाठ पडत होती.

खुद्द वेस्टर्न यांच्या आयुष्याचा ओघ येथे लक्षणीय आहे. इंग्रजी उच्चारांवरील पुस्तकानंतर जवळपास चार दशकांनी, १९२१ साली, त्यांचे ‘नॉर्वेजियन रिक्समोलचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. रिक्समोल म्हणजे डॅनिशपासून हळूहळू दूर सरकत आलेली नागर लेखनभाषा. १९०७ आणि १९१७ च्या शुद्धलेखन सुधारणांनी तिचे रूप पालटले होते. १९२९ पासून अधिकृत व्यवहारात तिला ‘बोकमोल’ आणि ओसेन यांच्या भाषेला ‘न्यूनोर्स्क’ म्हटले जाऊ लागले. या नागर भाषेचे विस्तृत व्याकरण लिहिणारा गृहस्थ इंग्रजीचा अभ्यासक असावा, यात नवल वाटण्याचे कारण नाही. परभाषेच्या प्रत्येक प्रयोगाचे कारण विद्यार्थ्याला समजावून देण्यात ज्याने आयुष्य घालवले, त्याला आपल्या भाषेतील न सांगितलेले नियम दिसू लागलेले असतात.

ते नियम कोणते, हे नमुन्यादाखल पाहणे इष्ट होईल. इंग्रजी आणि नॉर्वेजियन या भाषा इतक्या जवळच्या आहेत, की त्यांच्यातील फरक चटकन डोळ्यांत भरत नाही. नवख्याला शब्दाला शब्द ठेवून काम भागल्यासारखे वाटते, आणि तेथेच तो फसतो.

नॉर्वेजियन विधानार्थी वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी असते. पहिल्या स्थानी कर्ता असो, कर्म असो की ‘काल’सारखा कालदर्शक शब्द असो, त्याच्या लगेच मागून क्रियापद येते आणि कर्त्याला बाजूला सरावे लागते. मराठी शब्दांनी तो क्रम दाखवायचा, तर नॉर्वेजियन माणूस ‘काल घेतले मी एक पुस्तक’ असे म्हणतो. इंग्रज ‘काल मी घेतले एक पुस्तक’ असे म्हणतो. जुन्या इंग्रजीतही क्रियापद पुष्कळदा दुसऱ्या स्थानी येई. पुढे इंग्रजीने ते स्थान सोडले, नॉर्वेजियनने राखले. मात्र याचा परिणाम केवळ चुकीपुरता नाही. नॉर्वेजियन लेखक वाक्याच्या आरंभी हवा तो घटक सहज आणू शकतो. इंग्रजीत कर्ता आपली जागा सहसा सोडत नाही. त्यामुळे शब्दक्रम अचूक असूनही विद्यार्थ्याचा सबंध परिच्छेद अनोळखी वाटू शकतो. दोष एका वाक्याचा नसून वाक्यांच्या सुरुवातींचा असतो.

क्रियापदाच्या रूपांची गोष्ट याच्या उलट आहे. नॉर्वेजियन क्रियापद पुरुष आणि वचन यांप्रमाणे बदलत नाही. मी, तू, तो, आम्ही, ते या सर्वांसाठी वर्तमानकाळाचे रूप एकच. म्हणून इंग्रजीतील तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘एस्’ हा एवढासा ध्वनी नॉर्वेजियन विद्यार्थ्याला विद्यापीठापर्यंत छळत राहतो. त्याला नियम ठाऊक नसतो असे नाही. तो नियम पाळण्याची सवय त्याच्या भाषेने त्याला लावलेली नसते.

‘दे’ या लहानशा सर्वनामाचे प्रकरण अधिक मनोरंजक आहे. ‘छपरावर पक्षी बसला आहे’ हे सांगताना नॉर्वेजियन माणूस ‘दे’ने सुरुवात करून ‘बसतो एक पक्षी छपरावर’ असे पुढे म्हणतो. या रचनेत बसणे, येणे, पडणे, राहणे अशी अनेक क्रियापदे खुशाल येतात. इंग्रजीत त्या जागी ‘देअर’ लागतो आणि त्याच्यासोबत प्रायः ‘असणे’ या अर्थाचेच क्रियापद येते. शिवाय ‘पाऊस पडतो’ यासारख्या वाक्यात इंग्रजीला ‘इट’ हवा असतो. एका ‘दे’च्या वाट्याला इंग्रजीत दोन शब्द आले. ‘येथे पुष्कळ माणसे आहेत’ हे सांगताना नॉर्वेजियन विद्यार्थी जेव्हा ‘इट इज मेनी पीपल हिअर’ असे लिहितो, तेव्हा तो निष्काळजी नसतो. आपल्या भाषेशी इमान राखत असतो.

निश्चितता दाखवण्याची पद्धतही निराळी आहे. इंग्रजीत उपपद नामाच्या आधी सुटे येते. नॉर्वेजियनमध्ये ते नामाच्या शेवटी प्रत्यय होऊन चिकटते. ‘हूस’ म्हणजे घर. ‘हूसे’ म्हणजे ते विशिष्ट घर. मध्ये विशेषण आले, की निश्चितता दोनदा दाखवावी लागते, एकदा आधी आणि एकदा शेवटी. ‘आयुष्य’ किंवा ‘निसर्ग’ अशी भाववाचक वा सर्वसाधारण नामे नॉर्वेजियनमध्ये पुष्कळदा निश्चित रूपात येतात. इंग्रजीत ती उपपदाविना उभी राहतात. ज्या मराठी वाचकाच्या भाषेत उपपदच नाही, त्याला ही ओढाताण दुरून पाहता येते. इंग्रजीशी झगडताना त्याने ती वेगळ्या कारणाने अनुभवलेली असते. पाउल क्रिस्टोफर्सन या डॅनिश विद्वानाने १९३९ मध्ये इंग्रजी उपपदांवर जे पुस्तक लिहिले, ते या विषयावरील मूलभूत लेखनात गणले जाते. ज्याच्या भाषेत उपपद शेपटीला असते, त्याने इंग्रजीतील पुढच्या उपपदाचे मर्म उकलावे, हे समजण्यासारखे आहे. क्रिस्टोफर्सन पुढे ओस्लोत प्राध्यापक झाले आणि आर्थर सांद्वेद यांच्यासह त्यांनी लिहिलेले प्रगत इंग्रजी व्याकरण १९६९ मध्ये लंडनहून निघाले.

काळांच्या बाबतीत दोन भाषा जवळून जातात. पण मिळत नाहीत. ‘बाहुलीघर कोणी लिहिले?’ असे इंग्रज साध्या भूतकाळात विचारतो. नॉर्वेजियन माणूस ‘कोणी लिहिले आहे?’ असे विचारतो, कारण नाटक अजून आहे, त्याचा कर्ता अजून कर्ता आहे. मराठी माणसाला यात काहीच वावगे वाटणार नाही. इंग्रजीतील चालू काळासारखे स्वतंत्र रूप नॉर्वेजियनमध्ये नाही. ती उणीव बसणे, उभे राहणे, पडून असणे अशा क्रियापदांच्या जोडीने भरून निघते. ‘तो बसतो आणि वाचतो’ असे म्हणून ‘तो वाचत बसला आहे’ हा अर्थ साधला जातो. येथेही मराठीची आठवण यावी, इतके साम्य आहे.

‘सीन’ या स्ववाचक सर्वनामाविषयी तर मराठी वाचकाला काही समजावून सांगण्याची गरजच नाही. ‘त्याने आपले पुस्तक घेतले’ आणि ‘त्याने त्याचे पुस्तक घेतले’ यांत आपण जो भेद करतो, नेमका तोच नॉर्वेजियन माणूस ‘सीन’ आणि ‘हान्स’ या दोन शब्दांनी करतो. इंग्रजीत दोहोंसाठी ‘हिज’ हा एकच शब्द आहे आणि पुस्तक कोणाचे, हे संदर्भावरून ताडावे लागते. आपल्या भाषेत जो भेद आहे तो जगातील बलाढ्य भाषेत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या ध्यानी येते, त्या क्षणी व्याकरणाचा तास चुका दुरुस्त करण्याचा तास उरत नाही.

परंतु बराच काळ तुलनेकडे चुका टाळण्याचे साधन म्हणूनच पाहिले गेले. १९५७ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट लाडो यांनी दोन भाषांची पद्धतशीर तुलना केली, तर विद्यार्थ्याच्या अडचणी आधीच ओळखता येतील, असा सिद्धांत मांडला. पुढील दशकांत तो पुरता टिकला नाही. काही अडचणी भाकिताप्रमाणे आल्या, काही आल्याच नाहीत आणि काही अशा आल्या की त्यांचा मातृभाषेशी संबंध जोडता येईना. अनेक देशांत तुलनात्मक व्याकरण यामुळे मागे पडले. नॉर्वेत ते पुन्हा उभे राहिले ते वेगळ्याच वाटेने.

त्या वाटेचे श्रेय मुख्यतः स्तिग योहान्सन यांना द्यावे लागते. १९३९ साली स्वीडनमध्ये जन्मलेले योहान्सन १९७० च्या दशकात ओस्लो विद्यापीठात आले. ओस्लोत इंग्रजीच्या व्याकरणाची धुरा एका डेनने आणि त्यानंतर एका स्वीडने वाहिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शेजारच्या माणसाला नॉर्वेजियन कळते, पण ती त्याच्या कानांवर बाहेरून पडते. इंग्लंडमध्ये लँकेस्टर येथे जेफ्री लीच यांनी ब्रिटिश इंग्रजीच्या दहा लाख शब्दांचा संग्रह करण्याचे काम सुरू केले होते. १९६१ साली छापलेल्या मजकुरातून सुमारे २,००० शब्दांचा एक असे ५०० उतारे त्यात घ्यायचे होते. अडथळ्यांमुळे रखडलेले हे काम योहान्सन यांनी ओस्लोत आणले आणि बेर्गेन येथील संगणकतज्ज्ञांच्या साहाय्याने १९७८ मध्ये पूर्ण केले. लँकेस्टर, ओस्लो आणि बेर्गेन या तीन गावांच्या नावाने तो संग्रह ओळखला जातो. अशा संगणकीय संग्रहांची देवघेव करणारी आंतरराष्ट्रीय संस्थाही १९७७ मध्ये ओस्लोतच स्थापन झाली. ब्रिटिश इंग्रजीचे एक प्रमुख दप्तर नॉर्वेत लागले, असे म्हणायला हरकत नाही.

यापुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे होते. १९९४ मध्ये योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी व नॉर्वेजियन यांचा समांतर संग्रह हाती घेतला. ५० मूळ इंग्रजी पुस्तकांतील उतारे आणि त्यांची नॉर्वेजियन भाषांतरे. ५० मूळ नॉर्वेजियन पुस्तकांतील उतारे आणि त्यांची इंग्रजी भाषांतरे. प्रत्येक उतारा १०,००० ते १५,००० शब्दांचा. एकूण शब्द सुमारे २६ लाख. वाक्याला वाक्य जोडलेले. परीक्षेच्या कागदावर विद्यार्थी ज्या भाषांतराने घाबरे, तेच येथे पुरावा होऊन आले, आणि तेही दोन्ही दिशांनी. पूर्वीची तुलना एका बाजूने चाले. इंग्रजी मापून घ्यायची आणि नॉर्वेजियन माप म्हणून धरायची. आता दोन्ही भाषा मोजल्या जाऊ लागल्या.

यातून निघालेल्या काही गोष्टी कोणत्याही जुन्या व्याकरणात आल्या नसत्या. इंग्रजीतील ‘थिंक’ या एका क्रियापदाच्या जागी नॉर्वेजियनमध्ये ‘स्यूनेस’, ‘त्रू’ आणि ‘तेंके’ ही तीन येतात. अनुभवाने बनलेले मत सांगायचे तर पहिले, खात्री नसलेला समज सांगायचा तर दुसरे आणि विचार करण्याची क्रिया सांगायची तर तिसरे. मराठीत ‘वाटणे’ आणि ‘विचार करणे’ हे दोन असल्यामुळे आपण मध्ये कोठे तरी उभे आहोत. ‘यू’, ‘नॉक’, ‘वेल’ असे बारीक अव्ययांचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. ‘तो आजारी आहे ना’ यातील ‘ना’ ऐकणाऱ्यालाही ठाऊक असलेल्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. नॉर्वेजियन ‘यू’ बहुधा तेच काम करतो. इंग्रजी भाषांतरात अशा अव्ययाच्या जागी वारंवार काहीच येत नाही, आणि इंग्रजीतून नॉर्वेजियनमध्ये येताना चांगला भाषांतरकार मुळात नसलेला ‘यू’ पदरचा घालतो. भाषेचा हा अंश व्याकरणाच्या नियमांत सापडत नाही, कोशात तोकडा सापडतो. दोन भाषा शेजारी ठेवल्या की रिकाम्या जागेच्या रूपाने तो दिसतो. ‘दे’च्या वाक्यांवर यार्ले एबेलिंग यांनी याच संग्रहाच्या आधारे स्वतंत्र प्रबंध लिहिला. ज्या रचनेला शंभर वर्षे लाल शाई लागत होती, ती अशा रीतीने संशोधनाचा विषय झाली.

१९९७ आणि १९९८ ही दोन लागोपाठची वर्षे या इतिहासात एकत्र वाचायला हवीत. १९९७ मध्ये यान तेर्ये फोर्लुंद, स्वाइन ली आणि शेल ईवार वान्नेबू यांचे बोकमोल आणि न्यूनोर्स्क या दोन्ही लेखनभाषांना सामावून घेणारे संदर्भव्याकरण प्रसिद्ध झाले. ओसेन यांच्या पहिल्या व्याकरणाला त्या वेळी दीडशे वर्षे होत आली होती. १९९८ मध्ये हिल्डे हासेलगोर्ड, स्तिग योहान्सन आणि पेर ल्यूसवॉग यांचे विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले इंग्रजी व्याकरण निघाले. पुस्तक इंग्रजीत, वाचक नॉर्वेजियन आणि जागोजाग दोन भाषांची सांगड. २०१२ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. ‘आपल्याकडच्यापेक्षा वेगळे’ म्हणताना ‘आपल्याकडचे’ म्हणजे काय, हे आता छापील आधारानिशी दाखवता येऊ लागले होते.

मात्र त्याच सुमारास विद्यार्थीही बदलला. १९६९ पासून नऊ वर्षांच्या सक्तीच्या शाळेत इंग्रजी सर्वांना अनिवार्य झाले होते. १९९७ पासून ते पहिल्या इयत्तेपासूनच सुरू झाले. परदेशी चित्रपट आणि मालिका नॉर्वेत मूळ आवाजात, खाली अक्षरे देऊन दाखवण्याची रीत असल्याने मुलांच्या कानांवर इंग्रजी सतत पडते. स्टोर्म यांच्या विद्यार्थ्याने इंग्रजी पुस्तकातून जाणली होती. आजचा विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा ती अस्खलित बोलत असतो. व्याकरणाचा तास त्याला अनावश्यक वाटावा, यात आश्चर्य नाही. परंतु अस्खलितपणा आणि जाण या दोन गोष्टी आहेत. ग्लेन ओले हेलेकॅर यांनी २००५ मध्ये ओस्लो विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात असे दाखवले, की शाळेतून बाहेर पडलेल्या अनेक नॉर्वेजियन विद्यार्थ्यांना इंग्रजी पाठ्यग्रंथ वाचताना अडचण येते. बोलण्याची इंग्रजी कानाने येते. ग्रंथातील लांब वाक्य उलगडायला व्याकरण लागते.

दुसरीकडे इंग्रजीने विद्यापीठाचा मोठा प्रदेश व्यापला. विज्ञानाचे प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात, अध्यापनही पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत होते. २००९ मध्ये नॉर्वेच्या उच्चशिक्षणविषयक कायद्यात नॉर्वेजियन शास्त्रीय परिभाषा जतन करण्याची आणि वाढवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर टाकणारे कलम घालावे लागले. २०२२ पासून स्वतंत्र भाषा कायदाही अमलात आला. परिभाषा कायद्याने जगत नाही, हे मराठीच्या अनुभवावरून भारतीय वाचक जाणतो. तरीही इंग्रजीच्या विभागातच नॉर्वेजियनच्या वाक्यरचनेकडे रोज बोट दाखवले जाते, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेत क्रियापद दुसऱ्या स्थानी असते, हे कळण्याचे काही कारण पडत नाही. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला पडते.

या दीर्घ शेजाराचे अगदी अलीकडचे पर्व वादाचे आहे. संदर्भव्याकरणाच्या कर्त्यांपैकी फोर्लुंद यांनी जोसेफ एमंड्स यांच्यासह २०१४ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. मध्ययुगीन इंग्रजी ही जुन्या इंग्रजीची मुलगी नसून इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेची वंशज आहे, असा त्याचा दावा होता. ‘दे’, ‘देअर’, ‘देम’ ही अनेकवचनी सर्वनामे, ‘टेक’, ‘एग’, ‘विंडो’ यांसारखे रोजचे शब्द इंग्रजीने त्या वसाहतवाल्यांकडून घेतले, हे कोणी नाकारत नाही. खिडकीला ‘वाऱ्याचा डोळा’ म्हणणारा जुना नॉर्स शब्द इंग्रजीत आहे आणि न्यूनोर्स्कमध्येही आहे. लेखकद्वयाने शब्दांच्या पलीकडे जाऊन वाक्यरचनेचा आधार घेतला. क्रियापदानंतर कर्म ठेवणे, ‘ज्या घरात मी राहतो’ हे सांगताना शब्दयोगी अव्यय वाक्याच्या शेवटी एकटे सोडणे, सबंध पदसमूहाला षष्ठीचा प्रत्यय लावणे, ही लक्षणे इंग्रजी आणि नॉर्वेजियन यांत सारखी आहेत, असे त्यांचे म्हणणे. शंभर वर्षे इंग्रजीच्या तासाला दोन भाषांतील भेद मोजले गेले. येथे प्रथमच साम्यांवर सगळा भार टाकला गेला.

वृत्तपत्रांना दावा आवडला. बहुसंख्य भाषाइतिहासकारांना तो पटला नाही. २०१६ मध्ये ओस्लो विद्यापीठाच्या क्रिस्टिन बेक आणि त्यांचे सहलेखक जॉर्ज वॉकडेन यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. इंग्रजी अजूनही पश्चिम जर्मानिक शाखेचीच भाषा आहे, असे त्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी बजावले. निवडक रचनांच्या साम्यावरून वंश ठरत नाही, पुष्कळ बदल इंग्रजीत क्रमाक्रमाने आणि स्वतंत्रपणे झालेले दिसतात, आणि भाषेचे रोजच्या व्यवहारातील मूळ शब्दभांडार दुसरीकडे बोट दाखवते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुराव्याचे पारडे त्यांच्याच बाजूला झुकते. नॉर्वेजियन व्याकरणाचा अधिकारी अभ्यासक इंग्रजीवर हक्क सांगत होता आणि ओस्लोच्याच इंग्रजीच्या अभ्यासक तो नाकारत होत्या. स्टोर्म हयात असते, तर कोणाची बाजू घेते हे सांगणे कठीण आहे. वादात मात्र ते नक्कीच उतरले असते.